नॉर्वे १९४०: तटस्थ देश युद्धात कसा ओढला गेला

८ एप्रिल १९४० हा अख्खा दिवस नॉर्वेचे सरकार ब्रिटनचा निषेध करण्यात गुंतले होते. त्या दिवशी पहाटे ब्रिटिश नौदलाने नॉर्वेच्या सागरी हद्दीत, नार्विक बंदराकडे जाणाऱ्या वेस्टफ्योर्डच्या तोंडाशी, सुरुंग पेरले होते आणि तसे जाहीरही केले होते. ऑस्लोत मंत्रिमंडळाच्या आणि संसदेच्या बैठका झडत होत्या. सुरुंग कसे काढायचे, लंडनला पाठवायच्या खलित्यात काय लिहायचे, यावर खल चालू होता. त्याच वेळी जर्मन आरमाराच्या तुकड्या नॉर्वेच्या पाच-सहा बंदरांच्या रोखाने निघालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्लो, बर्गन, ट्रॉनहाइम, स्टाव्हांगर, नार्विक ही सगळी ठिकाणे जर्मनांच्या हातात गेली किंवा जाण्याच्या बेतात होती.

बलाढ्याने दुबळ्याला गिळले, असे या घटनेचे सरळ वर्णन करता येते आणि ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर एक गोष्ट सुटते. एप्रिल १९४०मध्ये नॉर्वेवर चालून येण्याची तयारी एकट्या जर्मनीने केलेली नव्हती. ब्रिटनचे सैनिकही स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या बंदरात क्रूझरवर चढून बसले होते. दोन्ही बाजूंना वाटत होते की आपण गेलो नाही तर दुसरा जाईल. तटस्थ देशाबद्दल दोन्ही शत्रूंचे एकाच वेळी असे मत कसे झाले, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधीच्या सात महिन्यांत सापडते.

दोघांनाही काय हवे होते

जर्मनीची पोलाद भट्टी स्वीडिश लोहखनिजावर चालत होती. १९३९मध्ये स्वीडनहून साधारण एक कोटी टन खनिज जर्मनीत आले. किरूना आणि येलिव्हारेच्या खाणींतून ते उन्हाळ्यात बॉथनियाच्या आखातावरच्या लुलेओ बंदरातून निघे. हिवाळ्यात हे आखात गोठते. मग तेच खनिज रेल्वेने डोंगर ओलांडून नॉर्वेतल्या नार्विकला येई. नार्विक ध्रुववृत्ताच्या उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे तिथले पाणी गोठत नाही. तिथून जहाजे दक्षिणेकडे निघत ती खुल्या समुद्रातून नव्हे, तर किनारा आणि बेटांची रांग यांमधल्या चिंचोळ्या जलमार्गाने. हा जवळजवळ सगळा मार्ग नॉर्वेच्या प्रादेशिक पाण्यातला होता. ब्रिटिश नौदल बाहेर उभे राहून ही जहाजे जाताना पाहण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने नॉर्वेचे यात काही चुकत नव्हते. व्यापारी जहाजांना आपल्या पाण्यातून जाऊ देणे हा तटस्थतेचा भंग नाही. उलट एकाच पक्षाची जहाजे अडवली असती तर तो भंग ठरला असता. चर्चिल तेव्हा ब्रिटनचे नौदलमंत्री होते. त्यांनी सप्टेंबर १९३९मध्येच, युद्धाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, हा जलमार्ग सुरुंगांनी बंद करण्याची मागणी मंत्रिमंडळापुढे मांडली. डिसेंबरमधल्या टिपणात तर त्यांनी लिहिले की आपण ज्यांच्या हक्कांसाठी आणि स्वातंत्र्यासाठी लढतो आहोत त्या लहान राष्ट्रांनी आपले हात बांधता कामा नयेत. तटस्थ देशाने हे वाक्य त्या वेळी वाचले असते तर त्याची झोप उडाली असती.

जर्मन नौदलाचा विचार वेगळा होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने उत्तर समुद्राचे दार बंद करून त्यांचे आरमार कोंडले होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तळ मिळाले तर अटलांटिकची वाट मोकळी होणार होती. ॲडमिरल रेडर यांनी १० ऑक्टोबर १९३९ रोजी हिटलरपुढे हा विषय काढला. ब्रिटिश तिथे आधी पोचले तर काय, ही भीतीही त्यांनी घातली. हिटलरला तेव्हा तटस्थ नॉर्वेच परवडत होता. खनिज येत होते, किनारा राखायला एकही सैनिक लागत नव्हता.

तिसरी गोष्ट नॉर्वेची व्यापारी जहाजे. हा देश लोकसंख्येने जेमतेम तीस लाखांचा, पण त्याचा व्यापारी ताफा जगात चौथ्या क्रमांकाचा होता आणि त्यात नवी तेलवाहू जहाजे भरपूर होती. नोव्हेंबर १९३९मध्ये नॉर्वेच्या जहाजमालकांच्या संघाने त्यातली बरीच जहाजे ब्रिटनला भाड्याने देण्याचा करार केला. करार खासगी मालकांचा, त्यामुळे तटस्थतेला कागदोपत्री बाधा नाही. पण सरकारच्या संमतीवाचून तो झाला असता असे कोण म्हणेल? पहिल्या महायुद्धातही नॉर्वे तटस्थ होता आणि ब्रिटनकडे झुकलेलाही होता. त्या झुकण्याची किंमत म्हणून पाणबुड्यांनी त्याची जवळपास निम्मी जहाजे बुडवली, सुमारे दोन हजार खलाशी मेले. तरी देश युद्धाबाहेर राहिला. या अनुभवातून ऑस्लोने काढलेला निष्कर्ष असा की थोडे झुकून, थोडे सोसून, बाहेर राहता येते.

मनात गृहीत धरलेला राखणदार

परराष्ट्रमंत्री हाल्फदान कूट हे मूळचे इतिहासकार. पंतप्रधान योहान न्यूगोर्सवोल यांचे मजूर पक्षाचे सरकार लष्करी खर्चाकडे जुन्या संशयाने पाहणारे. तीसच्या दशकाच्या अखेरीस खर्च वाढवला, पण उशिरा आणि हात राखून. १९३९मध्ये जर्मनीने उत्तरेकडच्या देशांना अनाक्रमण करार देऊ केले, तेव्हा डेन्मार्कने तो घेतला आणि नॉर्वेने नाकारला. आम्हाला कोणाच्या करारमदाराची गरज नाही, ही त्यामागची भूमिका बाणेदार होती.

पण या बाणेदारपणाखाली एक गृहीतक होते आणि माझ्या मते सगळे प्रकरण तिथेच अडते. जर्मन सैन्य समुद्र ओलांडून नॉर्वेला येईल हे ऑस्लोला शक्यच वाटत नव्हते, कारण मध्ये ब्रिटिश आरमार होते. म्हणजे तटस्थ देशाच्या संरक्षणाचा मुख्य आधार एका युद्धमान पक्षाचे नौदल होता. हे कुठे लिहिलेले नव्हते, कुणी बोलून दाखवत नव्हते. याचा व्यवहारातला परिणाम असा झाला की सरकारचे सगळे लक्ष ब्रिटिश आगळिकींना कसे तोंड द्यायचे यावर लागले. शिवाय कूट यांची दुसरी चिंता होती: युद्धात उतरावेच लागले तर निदान चुकीच्या बाजूने, म्हणजे ब्रिटनच्या विरुद्ध, उतरावे लागू नये. म्हणून ब्रिटिशांवर गोळी झाडायची नाही. आणि जर्मन तर येणारच नाहीत. मग गोळी झाडायची कुणावर?

सुरुवातीला ही तटस्थता चांगली चाललीही. ऑक्टोबर १९३९मध्ये जर्मनांनी ‘सिटी ऑफ फ्लिंट’ हे अमेरिकी मालवाहू जहाज पकडून नॉर्वेच्या पाण्यात आणले. जहाज सबळ कारणाशिवाय हाउगेसुंडला नांगरले तेव्हा नॉर्वेच्या नौदलाने त्यावर चढून जर्मन खलाशांना ताब्यात घेतले आणि जहाज अमेरिकी कप्तानाच्या स्वाधीन केले. बर्लिनने आरडाओरडा केला, पण नियम नॉर्वेच्या बाजूने होता आणि तो बजावणारे हातही होते.

डिसेंबरमध्ये चित्र बदलले. जर्मन पाणबुडीने नॉर्वेच्या हद्दीत तीन मालवाहू जहाजे बुडवली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांनी कळवले की जर्मनी तुमच्या पाण्याचा रणभूमीसारखा वापर करते, आता आम्हीही तिथे कारवाई करू. राजे होकून सातवे यांनी ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांना व्यक्तिगत विनंती केली. होकून यांची दिवंगत राणी मॉड ही जॉर्ज यांची सख्खी आत्या. लंडनने त्या वेळी हात आवरला. हा विजय आहे असे ऑस्लोला वाटले.

आल्टमार्क

‘आल्टमार्क’ हे ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेचे पुरवठा जहाज. ‘ग्राफ श्पे’ने दक्षिण अटलांटिकमध्ये जी ब्रिटिश जहाजे बुडवली त्यांवरचे २९९ खलाशी ‘आल्टमार्क’च्या तळघरात कोंडलेले होते. फेब्रुवारी १९४०च्या मध्यावर हे जहाज ट्रॉनहाइमच्या बाजूने नॉर्वेच्या पाण्यात शिरले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाले.

नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी वाटेत ते एकाहून अधिक वेळा थांबवले. जहाजाची झडती मात्र घेतली नाही. हे सरकारी सेवेतले जहाज आहे, त्याला झडतीपासून सूट आहे, असे कप्तान डाऊ सांगत राहिला. बर्गनपाशी कैद्यांनी आतून ठोकाठोक केली, शिट्ट्या मारल्या. आवाज दाबायला जर्मनांनी डेकवरची यंत्रे चालू केली. बर्गनचे ॲडमिरल टँक-निल्सन यांना संशय होता आणि झडतीशिवाय जहाजाला बर्गनच्या लष्करी जलक्षेत्रातून सोडायला ते तयार नव्हते. शेवटी जहाजाला पुढे जाण्याची मुभा देऊन प्रश्न मिटवला. आत काय आहे याचा अंदाज ज्यांना यायला हवा होता त्यांना तो आला असणार. पण कैदी सापडले असते तर पुढे काय करायचे, हा प्रश्न टाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे न पाहणे.

१६ फेब्रुवारीला ब्रिटिश विमानांनी आणि विनाशिकांनी जहाज हेरले. ते योसिंगफ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या एका अरुंद खाडीत, घुसले. नॉर्वेच्या दोन छोट्या टॉर्पेडो नौका आड आल्या. ‘कॉसॅक’ या विनाशिकेचे कप्तान व्हायन यांनी प्रस्ताव दिला की दोघे मिळून जहाज बर्गनला नेऊ आणि तपासू. नॉर्वेने नकार दिला. रात्री, चर्चिल यांच्या आदेशानुसार, ‘कॉसॅक’ फ्योर्डमध्ये शिरली, ‘आल्टमार्क’ला भिडली, ब्रिटिश खलाशी डेकवर उतरले आणि झटापटीत सात-आठ जर्मन मेले. सगळे कैदी सुटले. नॉर्वेच्या नौका बघत राहिल्या. वरचढ बळापुढे लढू नका, असाच त्यांना हुकूम होता.

ऑस्लोने कडक निषेध नोंदवला. १९०७च्या हेग करारानुसार तटस्थ पाण्यातून युद्धनौकेचे नुसते जाणे हा तटस्थतेचा भंग नाही, असे कूट यांचे म्हणणे. केवळ शत्रूला चुकवण्यासाठी शेकडो मैल तटस्थ पाण्यातून कैदी वाहून नेणे हे ‘नुसते जाणे’ होत नाही, असे लंडनचे. हा वाद कायद्याच्या वर्गात अजूनही रंगतो. इथे महत्त्वाचे आहे ते वेगळे. लंडनने या घटनेतून वाचले की नॉर्वे जर्मन जहाज तपासत नाही, उलट त्याला राखण देतो. बर्लिनने वाचले की ब्रिटिश घुसले तर नॉर्वे गोळी झाडत नाही. नॉर्वेचा एकच संयम, आणि त्याचे दोन राजधान्यांत दोन अर्थ, दोन्ही नॉर्वेच्या विरुद्ध.

पाच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, हिटलरने जनरल फाल्केनहोर्स्ट यांना नॉर्वेच्या मोहिमेचे प्रमुख नेमले. १ मार्चला लेखी आदेश निघाला. मोहिमेच्या अभ्यासाची सुरुवात त्याआधीच, डिसेंबरात झाली होती; नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचा नेता विडकुन क्विसलिंग तेव्हा हिटलरला भेटून गेला होता. पण क्विसलिंगच्या पक्षाचा संसदेत एकही सदस्य नव्हता. त्याच्या कारस्थानाला पुढे जे महत्त्व चिकटले ते त्या वेळी होतेच असे नाही. कागदावरची योजना ‘आल्टमार्क’नंतर घाईची झाली.

दोन्हीकडून एकाच आठवड्यात

दरम्यान फिनलंडवर सोव्हिएत रशियाने हल्ला केला होता. फिनलंडला मदत पाठवायची, या नावाखाली ब्रिटन आणि फ्रान्सने नार्विकला सैन्य उतरवण्याचा बेत आखला. फिनलंडची वाट नेमकी लोहखनिजाच्या खाणींवरून जाते हा योगायोग नव्हता. नॉर्वे आणि स्वीडनने वाट द्यायला नकार दिला आणि मार्चच्या मध्यावर फिनलंडने तहच केला, त्यामुळे बेत बारगळला. सबब गेली, भूक राहिली. २८ मार्चला दोस्तराष्ट्रांच्या सर्वोच्च युद्ध मंडळाने नॉर्वेच्या जलमार्गात सुरुंग पेरायचे ठरवले. जर्मनी चवताळून नॉर्वेवर येईल, मग आपल्यालाही उतरायला कारण मिळेल, म्हणून सैन्य जहाजांवर तयार ठेवले. तारीख ५ एप्रिल ठरली होती, ती दोस्तांतल्या मतभेदांमुळे ८ एप्रिलवर गेली.

हिटलरने २ एप्रिलला हल्ल्याची तारीख पक्की केली: ९ एप्रिल, पहाटे सव्वाचार. जर्मनांची पहिली मालवाहू जहाजे ३ एप्रिललाच निघाली. म्हणजे जर्मन हल्ला ब्रिटिश सुरुंगांचे उत्तर नव्हता आणि ब्रिटिश सुरुंग जर्मन हल्ल्याचे उत्तर नव्हते. दोघे आपापल्या वेळापत्रकाने निघाले आणि एकाच आठवड्यात पोचले. जर्मनीने नंतर सुरुंगांचे निमित्त पुढे केले, पण त्याची जहाजे सुरुंगांच्या आधी समुद्रात होती.

इशारे मिळालेच नाहीत असेही नाही. बर्लिनमधल्या नॉर्वेच्या वकिलातीने उत्तर जर्मनीतल्या बंदरांत सैन्य चढवले जात असल्याचे कळवले होते. ५ एप्रिलला संध्याकाळी ऑस्लोतल्या जर्मन वकिलातीने नॉर्वेच्या मान्यवरांना बोलावून पोलंडच्या विध्वंसाची प्रचारफीत दाखवली. ८ एप्रिलला दुपारी ‘ओर्झेल’ या पोलिश पाणबुडीने नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘रिओ दि जानेरो’ हे जर्मन जहाज बुडवले. किनाऱ्यावर आणलेल्या गणवेशधारी सैनिकांनी सांगून टाकले की आम्ही बर्गनच्या रक्षणाला चाललो होतो. एवढे झाल्यावरही फ्योर्डच्या तोंडाशी नॉर्वेचे स्वतःचे सुरुंग पेरायचा हुकूम निघाला नाही. ऑस्लोची नजर पश्चिमेला लागलेली होती.

त्या रात्री मंत्रिमंडळाने सैन्य बोलावले तेही अंशतः, आणि बोलावणी टपालाने पाठवायची. बैल गेला आणि झोपा केला, असा हा प्रकार. कूट यांनी रेल्वे स्थानकावर पत्रकाराला सर्वसाधारण जमवाजमव चालू असल्याचे सांगितले आणि ते ऐकून हजारो तरुण भरती केंद्रांवर गेले. तिथे त्यांच्यासाठी पुरेशी तयारी नव्हती.

वेगळे घडले ते ऑस्लोफ्योर्डच्या चिंचोळ्या भागात. ओस्कार्सबोर्ग किल्ल्याचे प्रमुख कर्नल बिर्गर एरिकसन यांना येणारे जहाज कुणाचे हे खात्रीने माहीत नव्हते. सरकारकडून स्पष्ट हुकूम नव्हता. किल्ल्यावरच्या २८ सेंटिमीटरच्या तोफा १८९०च्या दशकातल्या, जर्मनीच्याच क्रुप कारखान्याच्या. माणसे बहुतेक नवशिकी. एरिकसन यांनी इशाऱ्याच्या गोळ्या वगैरे न झाडता थेट भडिमार केला. नंतर जुन्या टॉर्पेडोंनी काम पूर्ण केले आणि ‘ब्ल्यूखर’ ही नवी कोरी जर्मन क्रूझर, ऑस्लो ताब्यात घेणाऱ्या सैन्यासकट, तळाला गेली. त्यातून मिळालेल्या काही तासांत राजा, सरकार, संसद आणि राष्ट्रीय बँकेचे सुमारे पन्नास टन सोने ऑस्लोबाहेर पडले.

पहाटे जर्मन राजदूत ब्रॉयर निर्वाणीचा खलिता घेऊन कूट यांच्याकडे आले, तेव्हा उत्तर मिळाले की आम्ही आपणहून शरण जात नाही, लढाई सुरू झालेली आहे. संध्याकाळी एल्व्हरुम या गावी संसदेने सरकारला देशहितासाठी आवश्यक ते सर्व अधिकार दिले. दुसऱ्या दिवशी राजे होकून यांनी मंत्र्यांना सांगितले की जर्मनांची मागणी मानून क्विसलिंगला पंतप्रधान नेमण्यापेक्षा मी राज्यपद सोडेन. दोन महिने लढाई चालली. दोस्तांनी २८ मेला नार्विक परत जिंकले, पण फ्रान्स कोसळत असल्याने लगेच सोडून दिले. ७ जूनला राजा आणि सरकार ट्रॉम्सोहून ब्रिटनला निघाले.

कुणाच्या पदरात काय पडले

जर्मनीला खनिज मिळत राहिले. किनाऱ्यावरचे तळही मिळाले, पण ते राखायला पुढची पाच वर्षे लाखोंचे सैन्य अडकले आणि मोहिमेत आरमाराची जी हानी झाली ती कधीच पूर्ण भरून निघाली नाही. तटस्थ नॉर्वेच परवडतो, हे हिटलरचे पहिले मत अधिक शहाणपणाचे होते. ब्रिटनला खनिज रोखता आले नाही. मात्र परागंदा सरकारने एल्व्हरुमच्या अधिकाराच्या बळावर नॉर्वेची जगभर विखुरलेली व्यापारी जहाजे ताब्यात घेऊन लंडनमधून चालवली. हजाराहून जास्त जहाजे, सुमारे तीस हजार खलाशी. हा ताफा ब्रिटनला जिवंत ठेवण्यात मोठा भागीदार ठरला. ब्ल्यूखर बुडाली नसती तर हा अधिकार देणारी संसद सकाळीच जर्मनांच्या हाती सापडली असती.

नॉर्वेने काय वेगळे करायला हवे होते? जर्मनीच्या सैन्यबळापुढे मोठी तयारीही पुरली असती असे मी म्हणत नाही. पण जर्मन योजना सगळी अचूक वेळेवर आणि प्रतिकार न होण्यावर बेतलेली होती. एका म्हाताऱ्या किल्ल्याने राजधानीचे गणित बिघडवले, तर सहा फ्योर्डांत सुरुंग आणि पुरेशा तुकड्या असत्या तर बर्लिनला मुळातच हा जुगार खेळावासा वाटला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. योसिंगफ्योर्डमध्ये ‘कॉसॅक’वर एक तोफ डागली असती तर ब्रिटनशी युद्ध झाले नसते, बर्लिनचा निष्कर्ष मात्र बदलला असता. आणि त्याही आधी बर्गनला ‘आल्टमार्क’ची झडती घेतली असती, तर लंडनची तक्रारच उरली नसती.

स्वीडनचे उदाहरण नेहमी समोर येते. तो वाचला, कारण त्याचा किनारा अटलांटिकवर नव्हता आणि खनिज तो विकतच होता. नॉर्वे पडल्यावर त्याने रजेवरच्या जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ दिले, १९४३पर्यंत. अनाक्रमण करार घेणारा डेन्मार्क मात्र काही तासांत गेला, कारण नॉर्वेवर विमाने उडवायला ऑलबोर्गचा विमानतळ हवा होता. आणि १० मे १९४० रोजी ब्रिटनने तटस्थ आइसलँडवर सैन्य उतरवले. आइसलँडच्या सरकारने निषेध केला. कारण तेच होते, दुसरा आधी पोचला तर काय.

युद्धानंतर कूट यांच्या धोरणाची चौकशी झाली आणि सरकारवर कठोर टीका झाली. एप्रिल १९४९मध्ये नॉर्वे नाटोचा संस्थापक सदस्य झाला, म्हणजे मनात गृहीत धरलेल्या राखणदाराऐवजी लिहून घेतलेला राखणदार त्याने पत्करला. जुना स्वभाव तरी पूर्ण गेला नाही. करारावर सही करण्याच्या दोन महिने आधीच त्याने मॉस्कोला कळवून टाकले होते की आमच्यावर हल्ला झाला नाही किंवा हल्ल्याचा धोका आला नाही, तोवर परक्या सैन्याला आमच्या भूमीवर तळ देणार नाही.